कॅपिटल-स्मॉलची भानगड : एका डेटाबेस सफाईच्या नोंदी

आधी एक सोय सांगते. देवनागरीत अक्षर लहान-मोठं नसतं. त्यामुळे फरक महत्त्वाचा असेल तिथे मी तो शब्दांतच लिहिणार आहे : 'कॅपिटल ओचं ऑर्डर्स', 'मधला आय कॅपिटल असलेलं कस्टमरआयडी' वगैरे. वाचायला बोजड होईल, इलाज नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. गेल्या वर्षी आमची प्रणाली मायएसक्यूएल या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर आणली. नावं सगळी स्मॉल करून घ्यायची की आहेत तशी ठेवायची, असं स्थलांतराच्या टूलने विचारलं होतं. आम्ही 'आहेत तशी' म्हणालो. अ‍ॅपचं काही बिघडलं नाही, कारण आमचं ओआरएम (अॅप आणि डेटाबेस यांना जोडणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक नावाला आपणहून डबल कोट घालतं. वर्षभर सगळं सुरळीत चाललं.

२ जून

रिपोर्टिंगला नवीन आलेली मुलगी आज पहिल्यांदाच हाताने क्वेरी (एसक्यूएल या भाषेत डेटाबेसला विचारलेला प्रश्न) लिहायला बसली. दहा मिनिटांत माझ्या खुर्चीशेजारी हजर.

"ताई, टेबल डावीकडे यादीत दिसतंय आणि डेटाबेस म्हणतो असं टेबलच नाही."

जाऊन पाहिलं. 'सिलेक्ट स्टार फ्रॉम ऑर्डर्स', ओ कॅपिटल, यादीत होता अगदी तसाच. उत्तरात ४२पी०१ हा एरर कोड आणि 'रिलेशन ऑर्डर्स अस्तित्वात नाही'. गंमत अशी की एररमधल्या ऑर्डर्सचा ओ स्मॉल होता. "मी तर कॅपिटलच टाइप केलंय," ती म्हणाली, आणि खरंच केलं होतं. खरं तर उत्तर त्या एका अक्षरातच होतं. तिने लिहिलेलं नाव पोस्टग्रेसने शोधण्याआधीच स्मॉल करून टाकलं होतं.

नावाभोवती डबल कोट घातले, क्वेरी चालली. ती खूश होऊन गेली. अर्ध्या तासाने परत आली, आता कॉलम सापडत नव्हता.

३ जून

तिला समजावताना स्वतःलाही नीट मांडून पाहिलं.

डबल कोटशिवाय लिहिलेलं नाव डेटाबेस एका साच्यात ओततो आणि मग शोधतो. पोस्टग्रेसचा साचा स्मॉल. ऑर्डर्स हे नाव सगळं कॅपिटल, सगळं स्मॉल किंवा वाटेल तसं मिसळून लिहा, त्याच्या दृष्टीने ते स्मॉलच. डबल कोट घातले की मात्र तो हात लावत नाही, आहे तसं अक्षरशः शोधतो. टेबल तयार करतानाही हाच नियम. त्यामुळे 'एसक्यूएलमध्ये कॅपिटल-स्मॉलने फरक पडत नाही' हे शिकवणारेही बरोबर आणि 'पडतो' म्हणणारेही बरोबर.

टेबल तयार करताना कोट घातले नसते तर ते स्मॉलमध्ये साठलं असतं आणि पुढे कुणी कसंही लिहिलं तरी सापडलं असतं. टूलने कोट घालून कॅपिटल ओ गोठवला. आता जन्मभर प्रत्येकाने, प्रत्येक ठिकाणी, कोट घातलेच पाहिजेत. पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसच्या कमांड लाइनमध्ये) टेबलाची रचना बघायची तरी तेच : बॅकस्लॅश डी लिहून पुढे कोटाविना नाव दिलं तर 'असं काही नाही'.

कॉलमच्या बाबतीत पोस्टग्रेस जरा दयाळू आहे. ४२७०३ देतो, पण खाली इशाराही देतो की तुम्हाला बहुधा अमुक कॉलम म्हणायचा असेल. टेबलाच्या बाबतीत तसा इशारा नाही.

४ जून

सरांना वाटत होतं की हा पोस्टग्रेसचाच विक्षिप्तपणा आहे. अर्धं खरं. कोट नसलेलं नाव साच्यात ओतायचं हे एसक्यूएलचं प्रमाणच सांगतं, फक्त त्याचा साचा कॅपिटल आहे. ओरॅकल, डीबी२, फायरबर्ड त्याप्रमाणे वागतात. पोस्टग्रेस उलटा चालतो आणि प्रमाणाशी हे जुळत नाही असं त्याचे स्वतःचे दस्तऐवजच कबूल करतात. ओरॅकलवरून आलेला माणूस कॅटलॉगमध्ये (डेटाबेसने स्वतःच ठेवलेल्या नावांच्या यादीत) टेबलाचं नाव कॅपिटलमध्ये शोधतो, काहीच सापडत नाही, आणि तास घालवतो. कॅटलॉगमधली नावं ही साधी मजकुराची मूल्यं असतात, सिंगल कोटातली. तिथे कुणी साच्यात ओतून देत नाही.

एसक्यूएल सर्व्हरचं वेगळंच. तिथे नावांची तुलना डेटाबेसच्या कोलेशनवर (अक्षरं कशी जुळवायची याच्या नियमांवर) ठरते. कोलेशनच्या नावात 'सीआय' असेल तर कॅपिटल-स्मॉल एकच, 'सीएस' असेल तर वेगळं. म्हणजे तीच स्क्रिप्ट एका डेटाबेसवर चालते आणि शेजारच्यावर अडते.

६ जून

इतकी मिश्र नावं आली कुठून? जुना मायएसक्यूएलचा बॅकअप उघडून बसले.

मायएसक्यूएलमध्ये कॉलमच्या नावात कॅपिटल-स्मॉलचा फरक कुठेच नसतो. टेबलाच्या नावात मात्र तो ऑपरेटिंग सिस्टिमवर ठरतो, कारण डेटाबेस म्हणजे डिस्कवरची डिरेक्टरी आणि टेबल म्हणजे तिच्यातल्या फाइली, अशी त्याची मूळ रचना. फाइल सिस्टिमला फरक कळतो तर मायएसक्यूएललाही कळतो. 'लोअर केस टेबल नेम्स' ही सेटिंग हेच ठरवते : लिनक्सवर मूळ किंमत ०, विंडोजवर १, मॅकओएसवर २. शून्य म्हणजे जसं लिहिलं तसं साठवा आणि तसंच शोधा. एक म्हणजे स्मॉल करून साठवा. दोन म्हणजे लिहिलं तसं साठवा पण शोधताना स्मॉल धरा. आवृत्ती ८.० पासून ही किंमत सर्व्हर पहिल्यांदा उभा करतानाच ठरते, नंतर बदलता येत नाही.

आमच्याकडे तेव्हा अर्धे जण विंडोज लॅपटॉपवर, सर्व्हर लिनक्सवर. लॅपटॉपवर काहीही लिहा, चालतं. सर्व्हरवर गेलं की ११४६, टेबल सापडत नाही. मग ज्याला जे सुचेल त्याने ते केलं असणार.

आणि काय सुचलं होतं याचा पुरावाही सापडला : ऑडिटलॉग नावाची दोन टेबलं. एकात ए आणि एल कॅपिटल, दुसरं सगळं स्मॉल. रचना तंतोतंत एक. कुणीतरी सर्व्हरवर 'टेबल नाही' पाहिलं आणि सरळ नवीन बनवलं. पुढे काही कोड एकात लिहीत राहिला, काही दुसऱ्यात. दोन्ही पोस्टग्रेसवरही जशीच्या तशी आली, आणि गेली कित्येक वर्षं आपण ऑडिटचा अर्धाच इतिहास बघतोय. सरांना दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

९ जून

मोजणी : १३८ टेबलं, त्यातल्या ४१ नावांत निदान एक कॅपिटल. कॉलम तर तीनशेच्या वर. क्वेरी अगदी साधी : टेबला-कॉलमांची यादी देणाऱ्या इन्फर्मेशन स्कीमामधून अशी नावं काढा जी स्वतःच्याच लोअर केलेल्या रूपाशी जुळत नाहीत.

दोन मार्ग होते. एक, सगळ्यांनी कोट घालायची सवय लावायची. दुसरा, नावं बदलायची. सरांचं म्हणणं, "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" माझं म्हणणं, चालतंय ते फक्त ओआरएममधून. माणूस हाताने लिहायला गेला की अडखळतो, आणि हाताने लिहिणारी माणसं आता वाढणार आहेत. शेवटी ऑडिटलॉगने निर्णय करून टाकला.

ठरलं ते असं : नाव असं हवं की त्याला कोटांची गरजच पडू नये. स्मॉल अक्षरं, अंक, अंडरस्कोअर. ओआरएममधल्या क्लासची नावं उंटाच्या पाठीसारखी, म्हणजे मधेमधे कॅपिटल असलेली, राहू देत, डेटाबेसच्या नावाशी जोडणी करण्याची सोय त्यात आहे.

१० जून

टक्कर तपासली. उंटछाप नाव स्मॉल किंवा अंडरस्कोअरचं करताना दोन नावं एकच होतात का? टेबलांत फक्त ऑडिटलॉगची जोडी. कॉलमांत एक मजेशीर सापडली : एकाच टेबलात ऑर्डर-आयडी दोनदा, एक मधला आय कॅपिटल असलेलं आणि एक अंडरस्कोअरवालं. दुसरं कायम रिकामं होतं, ते काढलं.

राखीव शब्दांचाही प्रश्न आला. 'ऑर्डर' या एकवचनी नावाचं एक जुनं टेबल आहे. स्मॉल केलं तरी कोट लागणारच, कारण तो शब्द भाषेचाच. ते आता ऑर्डर_हेडर झालं. 'युजर' त्याहून फसवं. पोस्टग्रेसमध्ये कोटाविना 'सिलेक्ट स्टार फ्रॉम युजर' लिहिलं तर एररसुद्धा येत नाही, एक ओळ येते आणि तिच्यात तुमचंच लॉगिन नाव असतं. नव्या मुलीने ती ओळ बघून विचारलं होतं, "ताई, आपल्याकडे एकच युजर आहे का?"

१२ जून

चाचणीच्या सर्व्हरवर नामांतर केलं. पोस्टग्रेसमध्ये असे बदल ट्रॅन्झॅक्शनमध्ये बसतात, म्हणजे सगळं एका दमात, बिघडलं तर रोलबॅक, म्हणजे सगळं पूर्ववत. मायएसक्यूएलमध्ये हे सुख नव्हतं, तिथे प्रत्येक 'ऑल्टर' आपणहून कमिट करतो.

काय तुटलं, काय नाही :

व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी, साठवून ठेवलेली क्वेरी) तुटले नाहीत. व्ह्यू टेबलाला नावाने नाही, आतल्या क्रमांकाने ओळखतो. पण खालच्या कॉलमचं नाव बदललं तरी व्ह्यूच्या बाहेर दिसणारं नाव जुनंच राहतं. ते वेगळं बदलावं लागलं.

पीएलपीजीएसक्यूएलची (पोस्टग्रेसच्या आत कोड लिहायच्या भाषेतली) फंक्शनं तुटली. त्यांचा मजकूर नुसता मजकूर म्हणून साठतो आणि चालवताना अर्थ लावला जातो. त्यामुळे नामांतराच्या वेळी कुणी ओरडलं नाही, फंक्शन बोलावल्यावर ओरडलं. अकरा फंक्शनं हाताने दुरुस्त केली.

सिक्वेन्स (ओळींना आपोआप वाढते क्रमांक देणारा), इंडेक्स, कन्स्ट्रेंट यांची नावं टेबलाबरोबर बदलत नाहीत. कॉलमची डीफॉल्ट किंमत चालत राहते, पण एका स्क्रिप्टमध्ये सिक्वेन्सचं जुनं नाव कोटांसकट लिहिलेलं होतं.

आणि त्याच स्क्रिप्टमध्ये एक जुनं कोडं उलगडलं. सिरियल कॉलमचा सिक्वेन्स शोधून देणारं जे फंक्शन आहे, 'पीजी गेट सिरियल सीक्वेन्स', त्याला टेबल आणि कॉलम असे दोन मजकूर द्यायचे. पहिला मजकूर एसक्यूएलच्या नियमाने वाचला जातो, म्हणजे कॅपिटल टिकवायचं तर सिंगल कोटाच्या आत पुन्हा डबल कोट. दुसरा जसाच्या तसा, तिथे डबल कोट घातले तर ते नावाचाच भाग समजले जातात. एकाच फंक्शनचे दोन शेजारी, दोघांचे नियम वेगळे. पूर्वी कुणीतरी शेजारी टिप्पणी लिहून ठेवली आहे : 'असंच ठेवा, का ते विचारू नका.'

१३ जून

आज दिवस वाया गेला असं वाटत होतं, पण या सगळ्या कामातला खरा धडा आजच मिळाला. आतापर्यंतची प्रत्येक चूक ओरडून सांगत होती, आजची गप्प बसली.

डॅशबोर्डवर एकूण रकमेचा रकाना कोरा. लॉगमध्ये एरर नाही. क्वेरी चालवली तर आकडा बरोबर येतो. ही क्वेरी नामांतरात हाताने पुन्हा लिहिली होती आणि नियमाच्या उत्साहात मी सगळे कोट काढून टाकले होते, उपनावाचेसुद्धा. 'सम ऑफ अमाउंट अ‍ॅज टोटलअमाउंट', मधला ए कॅपिटल. उपनाव हेही नावच, तेव्हा पोस्टग्रेसने तेही साच्यात ओतलं आणि निकालात सगळं स्मॉल टोटलअमाउंट पाठवलं. जावास्क्रिप्ट मात्र मधला कॅपिटल ए असलेली 'की' (मूल्य ज्या नावाने शोधायचं ते नाव) शोधत होती. नसलेली 'की' मागितली तर जावास्क्रिप्ट तक्रार करत नाही, 'अनडिफाइंड' देते आणि पुढे चालू लागते. पडद्यावर कोरा रकाना.

जेसनच्या (डेटा मजकुरात मांडायच्या एका पद्धतीच्या) बाबतीतही हेच. 'रो टू जेसन' केलं की कीची नावं कॉलमांसारखी येतात. उलट दिशेने, जेसनवरून ओळ बनवताना कॉलमांची यादी कोटाविना दिली तर ती स्मॉल होते, जेसनमधली उंटछाप की जुळत नाही आणि तिथे नल, म्हणजे रिकामं मूल्य, येऊन बसतो. पुन्हा एरर नाही.

सहा ठिकाणं सापडली. उपनावंही आता अंडरस्कोअरची, उंट करायचे ते अ‍ॅपमध्ये.

१६ जून

शुक्रवारच्या, म्हणजे १३ तारखेच्या, धसक्याने स्वयंचलित चाचण्या तपासल्या. सगळ्या हिरव्या. इतक्या हिरव्या की संशय आला.

आमच्या छोट्या चाचण्या वेगासाठी एसक्यूलाइट या हलक्या डेटाबेसवर चालतात. एसक्यूलाइट नावांत कॅपिटल-स्मॉल बघतच नाही, कोट घातले तरी. म्हणजे आमची मूळ चूक तिथे कधी दिसणंच शक्य नव्हतं. पण त्याहून मोठा घोळ पुढे. डबल कोटातलं नाव कुठल्याच कॉलमशी जुळलं नाही, तर एसक्यूलाइट त्याला मजकुराचं मूल्य समजू शकतं. जुन्या काळच्या मायएसक्यूएलशी जुळवून घ्यायला ठेवलेली ही सवलत, आज एसक्यूलाइटचेच दस्तऐवज तिला चूक म्हणतात. आमच्या एका क्वेरीत 'ऑर्डर बाय' पुढे कोटातला जुना उंटछाप कॉलम राहिला होता. तो कॉलम आता नाही. एसक्यूलाइटने शांतपणे तो शब्द स्थिर मजकूर धरला आणि प्रत्येक ओळीसाठी सारख्याच किमतीवर क्रम लावला, म्हणजे लावलाच नाही. चाचणीत ओळी तीनच, त्या योगायोगाने बरोबर क्रमाने आल्या.

चाचण्या पोस्टग्रेसवर हलवल्या. चार मिनिटं जास्त लागतात. लागू देत.

१८ जून

रिपोर्टिंगवाल्यांनी त्यांच्या व्ह्यूंमध्ये कॉलमांची नावं देवनागरीत ठेवली आहेत, एक्सेलमध्ये थेट शीर्षक मिळावं म्हणून. मला वाटलं, चला, इथे तरी कॅपिटल-स्मॉल नाही. पोस्टग्रेस अशी नावं कोटाविना घेतोही. पण भानगड दुसऱ्या दाराने आली.

पहिली : नावाची मर्यादा ६३ बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलंत धरून, ३ बाइट खातं. म्हणजे फार तर २१ चिन्हं. त्यांच्या व्ह्यूमध्ये शेजारी शेजारी 'मागील_तिमाहीतील_एकूण_विक्री' आणि 'मागील_तिमाहीतील_एकूण_वितरण' होते. दोन्ही ६३ बाइटला छाटले की उरतं 'मागील_तिमाहीतील_एकूण_वि'. छाटताना पोस्टग्रेस नुसती सूचना देतो, एरर नाही. इथे दोन नावं एकच झाली म्हणून 'कॉलम दोनदा आलाय' असं अडलं. एकच कॉलम असता तर कळलंही नसतं.

दुसरी जास्त सुंदर. 'कर्मचाऱ्यांची_संख्या' हा कॉलम फाइलमधून कॉपी केला तर सापडतो, हाताने टाइप केला तर नाही. डोळे फाडून पाहिलं, दोन्ही सारखे. शेवटी ऑक्टेट लेंग्थ, म्हणजे बाइटांतली लांबी, काढली : एक ५८ बाइटचा, दुसरा ६१ चा. तीन बाइट म्हणजे एक चिन्ह जास्त. यूनिकोडमध्ये 'ऱ' हे एक अख्खं चिन्हही आहे आणि तेच 'र' पुढे नुक्ता जोडूनही बनतं. दिसायला एक, बाइट वेगळे, आणि पोस्टग्रेस नावांची तुलना बाइटांनीच करतो. कीबोर्ड दोन, माणसं दोन, 'ऱ' दोन.

रिपोर्टिंगवाल्यांना सांगितलं : देवनागरी नावं फक्त सर्वांत बाहेरच्या व्ह्यूमध्ये, स्वतंत्र स्कीमात (डेटाबेसमधल्या वेगळ्या कप्प्यात), आणि त्यांवर पुढे दुसरी क्वेरी रचायची नाही.

२१ जून, शनिवार

मुख्य सर्व्हर. रात्री ११.

टेबलाचं नाव बदलणं हे फक्त कॅटलॉगमधलं काम, ओळी कितीही असोत, क्षणाचं. पण त्यासाठी टेबलावर सर्वांत कडक लॉक लागतो. एखादा लांबलचक सिलेक्ट आधीच चालू असेल तर आपण त्याच्या मागे थांबतो, आणि मग सगळं जग आपल्या मागे. म्हणून लॉक टाइमआउट ३ सेकंद ठेवला. दोनदा बाद झालं, तिसऱ्यांदा गेलं.

जुन्या नावांचे व्ह्यू ठेवले : कॅपिटल ओचा ऑर्डर्स व्ह्यू, आत नवीन टेबल, कॉलमांना जुनी उंटछाप उपनावं. एकाच टेबलावरचे असे साधे व्ह्यू पोस्टग्रेसमध्ये लिहिताही येतात, त्यामुळे जुना कोड इन्सर्ट-अपडेटही करू शकतो. दोन गोष्टी निसटल्या. व्ह्यूंना ग्रँट द्यायचं विसरले, टेबलावरच्या परवानग्या व्ह्यूला आपोआप मिळत नाहीत. आणि एक स्क्रिप्ट 'ट्रंकेट' करत होती, म्हणजे टेबल एकदम रिकामं, व्ह्यूवर ते चालत नाही. १२.४० ला झोपायला मोकळे.

दोन्ही ऑडिटलॉग एकत्र केले. कुठली ओळ कुठल्या टेबलातून आली हे सांगणारा कॉलम जोडला, कारण विचारणारा कुणीतरी येईलच.

२५ जून

कोड तपासणीत एक पायरी वाढवली : मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) चालल्यावर मुख्य स्कीमातलं कुठलंही टेबल वा कॉलम नाव स्मॉल अक्षरं, अंक, अंडरस्कोअर यांच्या बाहेर गेलं तर बिल्ड लाल. रिपोर्टिंगचा स्कीमा वगळला. आज दुपारीच पहिली शिकार झाली. माझीच.

४ जुलै

४१ पैकी ४० जुने व्ह्यू काढले. क्वेरींच्या आकडेवारीत त्यांची नावं दहा दिवस दिसली नव्हती.

राहिला एक, कॅपिटल ओचा ऑर्डर्स. रोज पहाटे ३.१० ला कुणीतरी त्याच्यावर एक सिलेक्ट मारतं आणि निघून जातं. लॉगिन सामाईक, यंत्र जुनं, जबाबदार कुणीच नाही. सर म्हणाले, "काढून टाका, ज्याचं दुखेल तो येईल." सोमवारी सकाळी काढते.